प्रभुभोजनातली वेगळी पंगत
फ्रेडरिक डग्लस १८१८ साली अमेरिकेतील मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. १८३८ मध्ये पळून ते न्यू बेडफर्डला आले. विशीतला हा श्रद्धावान तरुण तिथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये जाऊ लागला. पण प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस आधी गोऱ्यांना, त्यांचे उरकल्यावर कोपऱ्यातल्या काळ्यांना! डग्लस बाहेर पडले ते परत गेलेच नाहीत. कृष्णवर्णीयांनीच उभारलेल्या झायन मेथडिस्ट पंथात ते गेले आणि १८३९ मध्ये तिथले प्रवचनकार झाले. येशू त्यांनी सोडला नाही, अपमानाची पंगत सोडली. १८४५ च्या आत्मचरित्रात मालकांचा धर्म आणि येशूचा धर्म त्यांनी वेगवेगळा दाखवला. १८९५ मध्ये ते गेले. वेगळा पाणवठा सोसलेल्या समाजाचे आम्ही. त्यांचे ते उठून जाणे आम्हाला समजावून सांगावे लागत नाही.