ओहमच्या सूत्रातलं विसरलेलं अक्षर

ओहमचा नियम मी दहावीत पाठ केला. तो कळला मात्र थर्ड इयरला, ऑटो लॅबमध्ये, एका जुन्या परदेशी गाडीच्या मागच्या चाकाजवळ आडवं पडून!

पेट्रोलच्या वाफा अडवणाऱ्या यंत्रणेत मोठी गळती आहे, असा कोड गाडी देत होती. टाकीचं झाकण बदललं, नळ्या तपासल्या, व्हेंटचं तोंड बंद करून धूर सोडला. गळती कुठेच नाही. मग संशय आला व्हेंट व्हॉल्व्हवर. तो एरवी उघडा असतो. चाचणीपुरता कॉम्प्युटर त्याला करंट देऊन बंद करतो. तो बंद झालाच नाही तर टाकीत व्हॅक्यूम टिकत नाही आणि कॉम्प्युटर समजतो गळती. कनेक्टर काढून मीटर लावला : १२ व्होल्ट. कॉइल २४ ओहम. म्हणजे सगळं ठीक? डोकं चालेना, म्हणून लायब्ररीत जाऊन ओहमचं चरित्र काढलं.

जॉर्ज सायमन ओहम १७८९ मध्ये एर्लांगेनला एका कुलपं बनवणाऱ्याच्या घरी जन्मला. वडील स्वतः शिकून गणितात तयार झालेले, त्यांनीच मुलांना शिकवलं. युनिव्हर्सिटीत गेल्यावर चिरंजीव नाच, स्केटिंग आणि बिलियर्ड्समध्ये रमले (आपल्यातलेच!), वडील चिडले, आणि तीन सत्रांतच स्वारी स्वित्झर्लंडला मास्तरकी करायला गेली. डॉक्टरेट १८११ ला मिळाली, पण पुढेही शाळामास्तरच. १८१७ पासून कोलोनच्या शाळेत बरी प्रयोगशाळा मिळाली.

१८२५ चा त्याचा पहिला नियम चक्क चुकला, कारण बॅटरीचा करंट स्थिर राहत नव्हता. संपादक पोगेनडॉर्फने थर्मोकपल सुचवलं. मग एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवून, कमी-जास्त लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून १८२६ मध्ये त्याने मापं घेतली. त्याच्या सूत्रात छेदात दोन पदं होती : चाचणीच्या तारेची लांबी, आणि 'बी', म्हणजे बाकी सगळ्या सर्किटचा विरोध. शाळेत आपण हा 'बी' गाळतो.

मी धावत लॅबमध्ये. यावेळी कनेक्टर जोडून, व्हॉल्व्ह चालू असताना मोजलं : ६ व्होल्ट! उरलेले ६ सप्लायच्या हिरव्या पडलेल्या पिनेत जात होते. मघाशी करंटच वाहत नव्हता, मग पिनेचा विरोध दिसणार कसा?

ओहमचं पुस्तक १८२७ मध्ये बर्लिनला निघालं. त्याला युनिव्हर्सिटीतल्या जागेची आशा होती, पण जर्मनीत स्वागत थंडच झालं. कोलोनची नोकरीही सुटली. न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये १८३३ ला जागा मिळाली, लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक १८४१ मध्ये. म्युनिकला प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ ला, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. दोनच वर्षांनी तो गेला. विरोधाच्या एककाला त्याचं नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेत पक्कं झालं.

आम्ही पिन बदलली. व्हॉल्व्ह टक् करून बसला, कोड पुन्हा आला नाही. व्हायव्हाला मात्र सरांनी नियम विचारला तेव्हा मी 'बी' सकट सांगितला, आणि त्यांनी एक मार्क कापला!