विश्लेषण : सहा दिवसांत धर्मप्रमुख झालेला फोटियस कोण होता?

कॉन्स्टॅन्टिनोपलचा (आजचे इस्तंबूल) पॅट्रिआर्क म्हणजे बायझंटाइन साम्राज्यातील ख्रिस्ती चर्चचा प्रमुख. ८५८च्या नाताळात या पदावर बसलेला फोटियस आठवडाभरापूर्वी साधा भिक्षूही नव्हता. तो सम्राटाच्या कचेरीतला मुख्य सचिव होता, विद्वान म्हणून नावाजलेला होता. चर्चमधल्या सगळ्या पायऱ्या त्याला सहा दिवसांत चढवण्यात आल्या.

एवढी घाई कशासाठी?

आधीचे पॅट्रिआर्क इग्नेशियस यांनी बार्दासला अनैतिक संबंधांच्या आरोपावरून चर्चमधला प्रसाद नाकारला. बार्दास हा सम्राट तिसऱ्या मायकेलचा मामा. कारभार त्याच्याच हाती होता. इग्नेशियस यांचे पद गेले. त्यांच्या समर्थकांनी रोमकडे दाद मागितली आणि ८६३ मध्ये पोप पहिले निकोलस यांनी फोटियसला पदच्युत ठरवले. फोटियसनेही ८६७ मध्ये धर्मपरिषद भरवून थेट पोपलाच बहिष्कृत केले! पवित्र आत्मा केवळ पित्यापासून येतो की पुत्रापासूनही, हा वाद त्यात होताच. पण नुकताच ख्रिस्ती झालेला बल्गेरिया कोणाच्या अधिकारात राहणार, हा प्रश्नही तितकाच मोठा होता.

मग पद टिकले का?

नाही. त्याच वर्षी बेसिलने मायकेलचा खून करून गादी बळकावली. त्याला रोमशी सलोखा हवा होता, त्यामुळे फोटियस हद्दपार झाला. पुढे याच बेसिलने त्याला आपल्या मुलांना शिकवण्यासाठी परत बोलावले. ८७७ मध्ये इग्नेशियस वारले आणि फोटियस पुन्हा पॅट्रिआर्क झाला. ८८६ मध्ये त्याचा शिष्य सहावा लिओ सम्राट झाला. त्याने गुरूला हटवून आपल्या १९ वर्षांच्या भावाला त्या जागी बसवले. ८९३च्या सुमारास फोटियसचा हद्दपारीतच मृत्यू झाला. ऑर्थोडॉक्स चर्च त्याला संत मानते. रोमच्या लेखी मात्र तो कित्येक शतके फुटीचा सूत्रधार राहिला.

भारताशी काय संबंध?

फोटियसने वाचलेल्या सुमारे २८० ग्रंथांची टिपणे करून ठेवली. त्यातले अनेक मूळ ग्रंथ आज नष्ट झाले आहेत. इराणच्या दरबारातील ग्रीक वैद्य क्टेसियसने भारतावर लिहिलेले पुस्तकही असेच हरवले. ते आज कळते ते मुख्यतः फोटियसच्या सारांशातून. कुत्र्याच्या तोंडाची माणसे, माणसाच्या चेहऱ्याचे हिंस्र जनावर, असे बरेच काही त्यात आहे. हे सारे खरे असल्याचा लेखकाचा दावाही फोटियसने शेवटी नोंदवून ठेवला आहे.