डार्सी : शहराला पाणी, तेलउद्योगाला मापदंड

तेलविहीर खोदताना हाती आलेल्या वालुकाश्माचा कस आज ज्या एककात मोजला जातो, त्याला हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याचे नाव आहे. डार्सी यांनी मात्र तेलाचा शोध कधीच घेतला नाही. त्यांना ध्यास होता तो आपल्या शहराला शुद्ध पाणी देण्याचा.

डार्सी यांचा जन्म १० जून १८०३ रोजी दिजाँ येथे झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी पितृछत्र हरपले. पॅरिसमध्ये शिक्षण पूर्ण करून ते सरकारी अभियंता म्हणून दिजाँला परतले. शहराचे पाणी तेव्हा अपुरे आणि दूषित होते. सुमारे १२ किलोमीटरवरच्या रोझ्वार झऱ्याचे पाणी त्यांनी बंदिस्त कालव्यातून १८४० मध्ये शहरात आणले. या कामाचा मोबदला मात्र त्यांनी नाकारला. पुढे १८४८ च्या क्रांतीनंतरच्या राजकारणात त्यांना हेच शहर सोडावे लागले.

प्रकृती ढासळल्यावर ते दिजाँला परतले आणि संशोधनात रमले. पाणी गाळण्यासाठी वाळूचा थर किती असावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. उभ्या नळीत वाळू भरून १८५५-५६ मध्ये त्यांनी प्रयोग केले. दाबातील फरक वाढला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो आणि थराची जाडी वाढली की तो घटतो, हा नियम त्यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केला.

वालुकाश्म म्हणजे घट्ट झालेली वाळूच. त्यामुळे हा नियम तेलालाही लागू पडला. १९३३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी खडकाच्या पार्यतेच्या एककाला 'डार्सी' हे नाव सुचवले. खडकात पोकळी असणे पुरेसे नसते. त्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असाव्या लागतात. खोलवर दाब आणि उष्णता वाढते, कणांभोवती गारेचे थर चढतात, चिकणमाती वाटा बुजवते. मग तेल असूनही ते विहिरीपर्यंत पोहोचत नाही आणि खोदाईचा प्रचंड खर्च वाया जातो. म्हणूनच खोदण्यापूर्वी पार्यतेचा अंदाज बांधण्यासाठी भूशास्त्रज्ञ झटतात.

३ जानेवारी १८५८ रोजी पॅरिसमध्ये डार्सी यांचे निधन झाले. त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळाने, ऑगस्ट १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले. आपल्या नियमाचे हे मोल डार्सी यांना कधीच कळले नाही. दिजाँने मात्र शहरातील एका चौकाला त्यांचे नाव देऊन पाण्याचे ऋण स्मरणात ठेवले आहे.