केडगावचे शेत : पंडिता रमाबाईंच्या आयुष्याचे दुसरे पर्व

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव हे लहानसे स्थानक लागते. पंडिता रमाबाईंच्या आयुष्याची अखेरची सुमारे पंचवीस वर्षे या गावात गेली. रमाबाई म्हटले की संस्कृतचे अगाध पांडित्य, धर्मांतर आणि शारदा सदनाचा गाजलेला वाद एवढेच बहुतेकांना आठवते. केडगावच्या कोरड्या माळावर त्यांनी उभी केलेली शेती मात्र विस्मरणात गेली आहे. वास्तविक त्यांच्या साऱ्या कार्याचे मर्म या शेतीत सापडते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, वेदशास्त्रसंपन्न पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या रमेला दिली. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे पायी हिंडत असे. 1870च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या विद्वान कुटुंबाजवळचे धान्य संपले, भांडीकुंडी संपली. मजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्याचा धीर होत नव्हता. आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याच काळात मृत्युमुखी पडली. हजारो श्लोक मुखोद्गत असूनही एक भाकरी मिळवण्याचे साधन आपल्याजवळ नाही, हा अनुभव रमाबाईंनी पंधरा-सोळा-अठरा वर्षांच्या वयात घेतला. त्यांनी तो पुढे कधीही विसरला नाही.

यानंतरचा भाग सुपरिचित आहे. भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या पायी हिंडत 1878मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी जातीबाहेर विवाह केला. 1882मध्ये पती कॉलऱ्याने गेले आणि मांडीवर मनोरमा ही तान्ही मुलगी राहिली. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. 1883मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1886मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथील सहानुभूतिदारांनी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापून दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. धोंडो केशव कर्वे यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. मुली ख्रिस्ती होऊ लागल्याचा आक्षेप आला, ‘केसरी’तून टीकेची झोड उठली आणि 1893मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सदनाशी असलेला संबंध तोडला.

येथून रमाबाईंच्या विचारांची दिशा बदलली. पुण्यातील पाठबळ आटले होते आणि अमेरिकेतील मदतीची मुदतही संपत आली होती. वर्गणीदाराच्या मर्जीवर चालणारी संस्था कधी ना कधी अडचणीत येते, हे त्यांनी ओळखले. संस्थेच्या मालकीची जमीन असावी, तीवर फळझाडे लावावीत आणि त्या उत्पन्नातून सदन चालावे, असा त्यांचा हिशेब होता. त्यानुसार केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेण्यात आली. हा मुलूख पर्जन्यछायेचा. पावसाचा भरवसा नाही, म्हणून विहिरी खोदून घेणे हे पहिले काम ठरले.

झाडे फळाला येण्यापूर्वीच 1896-97चा दुष्काळ कोसळला. मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत असल्याचे ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. अनाथ झालेल्या, देशोधडीला लागलेल्या मुलींना दलाल गाठत होते. तेथील हाडांचे सापळे पाहून त्यांना स्वतःचे आईवडील आठवले. सुमारे तीनशे मुली आणण्याचा त्यांनी निश्चय केला. याच सुमारास पुण्यात प्लेग सुरू झाला आणि एवढी नवी माणसे शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलींना केडगावच्या शेतावर नेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन अशा रीतीने अनाथांचे घर झाली. तेथे कच्च्या छपरांखाली ‘मुक्ती’चा आरंभ झाला. 1900मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या आणि संस्थेची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा घालायचे म्हणजे केवळ दया पुरी पडत नाही. धान्य, भाजीपाला, दूध, पाणी, सरपण या प्रत्येकाची व्यवस्था लावावी लागते. मुक्तीमध्ये शेतीबरोबर दुभती जनावरे होती, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, शिवणकाम होते आणि छापखाना होता. मुलींनी लिहायला शिकावे आणि हाताने कामही करावे, असा तेथील शिरस्ता होता. उच्चवर्णीय विधवा आणि दुष्काळात सापडलेली कुणब्याची मुलगी या एकाच आवारात राबत. आंधळ्या मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ उघडण्यात आले. आपल्या कुटुंबाजवळ जे नव्हते, तेच, म्हणजे स्वतःच्या हातांनी पोट भरण्याचे सामर्थ्य, रमाबाई या मुलींना देत होत्या.

या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शारदा सदनात धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन होते. मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तेथील बहुसंख्य मुली त्या धर्मात गेल्या. निराधार बालकांच्या बाबतीत अन्न आणि धर्म एकाच हातून यावेत काय, हा टीकाकारांचा प्रश्न क्षुल्लक नव्हता. त्याचबरोबर त्या दुष्काळात या मुलींसाठी किती दारे उघडी होती, हाही प्रश्न विचारावा लागतो. कर्वे यांनी 1896मध्ये अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला व पुढे तो हिंगण्यास नेला. रमाबाईंच्या धर्मांतराशी मतभेद असणाऱ्यांनाही त्यांच्या कार्याची उणीव भरून काढण्याची गरज वाटली, यातच त्या कार्याचे महत्त्व दिसते.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम अंगावर घेतले. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले. 1919मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. 1921मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. कार्याची धुरा जिच्या खांद्यावर द्यायची, ती लेकच आधी गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी केडगाव येथेच देह ठेवला.

पुणे-मुंबईच्या सभांमधून त्यांच्यावर झालेली चर्चा छापील कागदावर राहिली. केडगावी मात्र त्यांची संस्था त्यांच्यामागे शंभर वर्षे उलटूनही निराधार स्त्रिया व मुलांसाठी काम करीत आली आहे. दुष्काळात आईवडील गमावलेल्या एका मुलीने दुष्काळात अनाथ झालेल्या हजारो मुलींसाठी विहीर खणली, पेरणी केली आणि त्यांनाही पेरायला शिकवले. रमाबाईंच्या चरित्रात या शेताला पांडित्याइतकेच मानाचे स्थान द्यायला हवे.