बिडाचा फाळ आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

नांगर जमिनीत न टिकता सारखा वर उचलायला लागला की आपण काय करतो? रुमण्यावर जोर देतो, बैलांवर ओरडतो, आणि दिवस मावळायच्या आत नांगरालाच नावं ठेवून मोकळे होतो. खरं म्हणजे आधी फाळ काढून हातात घ्यावा. त्याचं टोक झिजून वर वळलं असेल तर तो जमिनीत घुसणारच नाही. फाळ चांगला असेल तर साखळी कुठं अडकवली आहे ते बघावं. आकडा फार खालच्या भोकात असला तर तास उथळ पडतं. एक भोक वर घेतलं की नांगर खोल जातो. ट्रॅक्टरच्या नांगरालासुद्धा झिजलेल्या फाळाची हीच खोड लागते. हा लोखंडी नांगर आपल्या भागात ज्यांनी रुजवला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आज ओळख करून घेऊ.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगावकडच्या गुर्लहोसूर गावचा. घरात वेदांताचं वातावरण, पण मुलाचं लक्ष चित्रात आणि यंत्रात. 1885 साली ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथं कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंगकाम सोडावं लागलं. मग त्यांनी यंत्रांची रेखाटनं शिकून घेतली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षकाची नोकरी धरली. तिथं यंत्रं खोलायला, जोडायला, चालवायला मिळाली. पुढं बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला वर घेतलं. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर 1888 पासून सायकलचं दुकान होतंच. त्यातूनच छोटा कारखाना उभा राहिला. पहिला माल कोणता? कडबाकुट्टी! तुमच्यापैकी पुष्कळांच्या गोठ्यात आज ती आहे. पातं बोथट झालं, किंवा पातं आणि तोंडाची पट्टी यांत फट पडली, की कडबा कापला न जाता दुमडतो, हे तुम्हाला सांगायला नको.

त्यानंतर नांगर केला. इथं मात्र गाडं अडलं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. लोखंड मातीत गेलं की जमिनीला विष होतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पुस्तकं एवढंच सांगतात आणि शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हसतात. मला वाटतं, यामागं एक रास्त शंकाही असणार. लाकडी नांगराचा फाळ म्हणजे घडीव लोखंडाची पट्टी. बोथट झाली की गावचा लोहार भट्टीत लाल करून, ठोकून धार काढून द्यायचा. बलुत्यात काम भागायचं. बिडाचा फाळ तसा ठोकता येत नाही. घण मारला की तुकडे. तो झिजला की काढून टाकायचा आणि नवा बसवायचा. ऐन नांगरटीत तो तुटला, तर नवा कुठून आणायचा? सहा-आठ बैलांची औतं रानात उभी, आणि फाळ मुंबईहून यायचा, हा धंदा कुणाला परवडणार!

म्हणून कारखाना आपल्याच मुलखात झाला याला मोल आहे. बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेमुळं सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडलजवळची 32 एकर माळाची जमीन आणि 10 हजार रुपये कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंग आणि नागसापांचं रान ते! 10 मार्च 1910 रोजी तिथं किर्लोस्करवाडी सुरू झाली. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, पण तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होती. वाडीत शिवाशिवीला थारा नव्हता. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

नांगराची किंमत पटली ती हरळी आणि कुंद्यामुळं. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळी पसरली की लाकडी नांगर वरवर खरवडत जायचा. लोखंडी नांगरानं तास खोल जाऊन माती पालथी पडायची आणि हरळीच्या काश्या उन्हात वाळायच्या. पहिल्या महायुद्धात बाहेरचं लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. पुढं उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, आणि 1920 नंतरच्या दशकात पाण्याचे पंप वाडीत होऊ लागले.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून 1926 साली परतले. 1946 साली पुण्याला तेल इंजिनाचा कारखाना निघाला आणि विहिरीवरची मोट हळूहळू सुटली. इंजिन आलं तसं त्याचं दुखणंही आलं. काळा धूर निघाला तर हवेची जाळी तुंबली आहे का, भार जास्त झाला आहे का ते आधी बघा. निळा धूर म्हणजे बहुधा वंगण जळतंय; पिस्टनच्या रिंगा तपासा. धडधड करून बंद पडलं तर डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल. ती काढून टाका. एवढं न करता इंजिन खोलायला देऊ नका. खोलणावळ विनाकारण पडते.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी वारले. पुणे-मिरज लोहमार्गावरच्या ज्या स्थानकाला पूर्वी कुंडल रोड म्हणत, त्याला आज किर्लोस्करवाडी म्हणतात.