कै. रेव्ह. नारायण वामन टिळक आणि लहान मंडळीचें गायन

आश्विन महिना लागला म्हणजे सोलापुराहून तुळजापुरास जाणारी वाट माणसांनीं फुलून जाते. बालाघाटाच्या डोंगरांत वसलेल्या या गांवीं भवानीच्या दर्शनासाठीं दूरदूरचे लोक पायीं चालत येतात. कोजागिरीच्या सुमारास तर ही वाट रात्रभर जागी असते. गळ्यांत कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, दिवटी घेतलेले गोंधळी, संबळाचा व तुणतुण्याचा नाद, आणि असंख्य कंठांतून निघणारा उदोकार, हें सर्व या प्रांतांतील लहान मुलासहि ठाऊक असतें.

आतां याच वाटेच्या आसपासच्या एखाद्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा विचार मनांत आणावा. कुटुंबें दहा-बारा, उपासनामंदिर म्हणजे मातीच्या भिंतींची एक खोली. रविवारीं तेथें जीं माणसें येऊन बसतात त्यांच्यांपैकीं कित्येकांच्या आजोबांनीं देवीपुढें पोत खेळविला, कित्येकांच्या आज्यांनीं परडी घेऊन जोगवा मागितला. या लोकांनीं आतां प्रभूपुढें गावें तें कसें? कोणी वडील माणूस म्हणतो कीं, ढोलकी व झांज हीं मागच्या आयुष्याचीं आहेत. तीं आंत आलीं कीं त्यांच्या पाठोपाठ मागचे देवहि येतील. दुसरा म्हणतो कीं, परक्या चालीचीं गीतें आमच्या म्हाताऱ्यांच्या जिभेवर बसत नाहींत, त्या मुकाट्यानें बसून राहतात. उपदेशकास दोन्ही पक्ष सांभाळतां सांभाळतां नाकीं नऊ येतात. असा वाद ज्या मंडळींत असेल तिनें कै. टिळकांचें चरित्र अवश्य ध्यानांत घ्यावें. कारण हा प्रश्न त्यांनीं केवळ लेखणीनें नव्हे तर सर्व आयुष्य खर्चून सोडविला.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील तापट व कठोर होते. आई जानकीबाई भाविक होती व तिला पदें रचतां येत असत. मुलाच्या कानीं पहिली कविता पडली ती आईच्या ओठांवरची, आणि ती अखेरपर्यंत त्याच्या मनांतून गेली नाहीं. आई लवकर वारली. तेव्हां मुलगा घर सोडून नाशिकास गेला, आणि तेथें गणेशशास्त्री लेले यांनीं त्याला संस्कृत विद्या दिली. पुढें लक्ष्मीबाईंशीं त्यांचें लग्न झालें. त्या वेळीं त्या अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या.

टिळकांचा पाय एका गांवीं ठरत नसे. कोठें शिक्षक, कोठें पुराणिक, कोठें कीर्तनकार, असा त्यांचा क्रम चालला होता. नागपुरास आप्पासाहेब बुटी या धनिकांच्या आश्रयानें त्यांनीं ग्रंथांचें काम केलें. विद्वत्ता होती, कीर्तिहि मिळूं लागली होती. परंतु देशाचें दैन्य आणि जातिभेदानें झालेली माणसांची फाटाफूट पाहून त्यांचें मन अस्वस्थ असे.

सन १८९३ मध्यें ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात होते. डब्यांत एका युरोपियन गृहस्थाशीं धर्मासंबंधीं बोलणें निघालें. उतरतांना त्या गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळकांना त्या वेळीं तें खरें वाटलें नाहीं. मात्र पुस्तक वाचण्याचें वचन त्यांनीं दिलें व तें पाळलें. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर त्यांस तें पुस्तक खालीं ठेववेना. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचें नांव मात्र टिळकांस कधींच कळलें नाहीं. रस्त्यानें पुस्तकें वांटीत फिरणाऱ्या आपल्या बंधूंनीं हें लक्षांत ठेवावें.

या बाप्तिस्म्याची किंमत त्यांस घरांतच भरावी लागली. आप्तेष्ट तुटले. लक्ष्मीबाई लहान मुलास घेऊन चार-पांच वर्षें वेगळ्या राहिल्या; त्यांच्या दुःखास पार नव्हता. पुढें त्या टिळकांकडे आल्या तेव्हांहि त्यांचें सोंवळें वेगळें व स्वयंपाक वेगळा होता. टिळक स्वभावानें उतावीळ व रागीट होते. पैसा त्यांच्या हातीं टिकत नसे, आणि त्याचा भार लक्ष्मीबाईंनाच सोसावा लागे. परंतु धर्माच्या बाबतींत त्यांनीं पत्नीवर बळजबरी केली नाहीं. एके दिवशीं एकांतांत विचार करतां करतां लक्ष्मीबाईंच्या मनानेंच घेतलें कीं, जाति ही देवानें केलेली नसून माणसांनीं केलेली आहे. त्या दिवसापासून कोणाच्याहि हातचें अन्नपाणी घेण्यास त्या तयार झाल्या. सन १९०० मध्यें त्यांचा बाप्तिस्मा झाला. अनाथ व दुबळ्या मुलांस त्या घरांत पुढें नेहमींच जागा असे.

टिळकांचें बहुतेक काम अहमदनगरास व त्याच भागांत राहुरीसारख्या गांवीं झालें. ते धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेंत शिकवीत, आणि १९०४ मध्यें त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. खेड्यांतील मंडळ्या त्यांनीं जवळून पाहिल्या. तेथें त्यांस काय दिसलें? परदेशी गीतांचीं भाषांतरें परदेशी चालींवर म्हटलीं जात. मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ त्या चालींत बसतांना मोडत, आणि ज्यास अक्षरओळख नाहीं त्याच्या हातीं पुस्तक असून नसल्यासारखें. शेतांत काम करतांना गाणारी व जात्यावर ओवी म्हणणारी बाई देवाच्या घरांत येऊन मुकी होई.

या रोगावर औषध आपल्याच घरांत आहे हें टिळकांनीं ओळखलें. भजनाची रीति पाहा. एकानें चरण म्हणावा, बाकीच्यांनीं तो उचलावा. पुन्हां म्हणावा, पुन्हां उचलावा. चार वेळां घोळल्यावर तो चरण निरक्षर माणसाचाहि होतो, आणि दुसऱ्या दिवशीं औत हांकतांना त्याच्या तोंडीं येतो. कीर्तनाचेंहि तसेंच. टिळकांच्या आधींच अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनीं त्या वाटेनें मंडळीच्या उपासनेंत अभंग आणला, पदें आणलीं, आणि त्यांत आपलें हृदय ओतलें. उपासना संगीत या पुस्तकांतील सुमारें सातशें गीतांपैकीं अडीचशेंहून अधिक गीतें एकट्या टिळकांचीं आहेत. ख्रिस्तायन हें प्रभूचें ओवीबद्ध चरित्रहि त्यांनीं आरंभिलें. तें अपुरें राहिलें. लक्ष्मीबाईंची शाळा म्हणावी अशी कांहीं झाली नव्हती. पण त्यांनीं चौसष्ट अध्याय लिहून तें पुरें केलें, आणि त्यांच्या मरणानंतर १९३८ मध्यें तें प्रसिद्ध झालें.

आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक म्हणत. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पुलावर बिऱ्हाड करून राहावें असें ते सांगत नव्हते, आणि पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकावा असेंहि सांगत नव्हते. ज्या देवानें आपल्या बापजाद्यांच्या मनांत देवाची भूक ठेवली, त्यानेंच ती प्रभु येशूंत तृप्त केली, असा त्यांचा विश्वास होता. जाति, कीर्ति, आप्त आणि कांहीं काळ पत्नी व पुत्रहि ज्यानें सोडले, त्याला मागल्या आयुष्याचा मोह पडला होता असें कोण म्हणेल?

सन १९१७ मध्यें त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली. त्यांची वस्ती त्या वेळीं साताऱ्यास होती. तेथें त्यांनीं देवाचा दरबार स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, जे जे ख्रिस्ताचे शिष्य होऊं पाहतात त्यांचा तो बंधुसमाज. ख्रिस्ती मनुष्य या देशांत परका दिसूं नये, ही त्यांची तळमळ होती. पुष्कळ ख्रिस्ती लोकांसहि हें पाऊल रुचलें नाहीं. पुढें प्रकृति खालावली आणि ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते प्रभूकडे गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहाचें दहन करण्यांत आलें, आणि अस्थि अहमदनगरास नेण्यांत आल्या.

आतां आपण पुन्हां त्या मातीच्या भिंतींच्या खोलींत येऊं. झांजेला भिणाऱ्या त्या वडील माणसाची भीति थट्टेवारी नेण्याजोगी नाहीं. ज्या आयुष्यांतून तो बाहेर पडला त्याची त्याला आठवण आहे. उपदेशकानें त्याचें म्हणणें आदरानें ऐकावें. पण टिळकांचें चरित्र त्याला हें सांगतें कीं, पितळेच्या झांजेला स्वतःचा देव नसतो. ती ज्याच्या हातीं असेल त्याच्या मनांतलें नांव ती वाजविते. विचारावयाचें तें एवढेंच, कीं आपण कोणाचें नांव गातों, आणि तें गात असतां म्हातारी, मूल व निरक्षर मजूर हीं सारीं त्यांत सामील होतात कीं नाहीं.

दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती अधिक अवघड आहे. लक्ष्मीबाईंचें सोंवळें गळून पडलें तेव्हां त्या घराचें गाणें पुरें झालें. आपल्या मंडळ्यांत भजन एका तालांत चालतें. परंतु भजन आटोपल्यावर लग्नाची पंगत, पाण्याचा हंडा आणि सोयरीक यांत मागची जातपात कोठें कोठें अजून डोकें वर काढते. अशा ठिकाणीं ढोलकी असो वा बाजाची पेटी असो, देवाच्या कानीं तो आवाज बेसूरच लागणार. ज्यांच्याबरोबर आपण चरण उचलतों त्यांच्याबरोबर घांसहि उचलला पाहिजे.

बंधुभगिनींनो, येत्या रविवारीं उपासना सुरू होण्यापूर्वीं मंडळींत मागें बसणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईस पुढें बोलवा आणि तिला येईल त्या चालींत प्रभूचें नांव गावयास सांगा. बाकीच्यांनीं तिच्या मागें म्हणावें. आणि उपासना संपल्यावर जिच्या घरीं आपण आजवर कधीं जेवलों नाहीं तिच्या घरीं जावें. ज्या प्रभूनें टिळकांच्या मुखीं नवें गीत घातलें तो आपल्याहि मुखीं तें घालो, आणि आपलीं मनें एक करो. आमेन.