शिसपेन्सिलीत शिसं नसतं, हा गोंधळ ॲसिडने सोडवणाऱ्या शीलेची गोष्ट

शाळेत आपण सगळ्यांनी शिसपेन्सिल वापरली. पण तिच्यात शिसं नसतंच, असतं ग्राफाइट.

हा गोंधळ फक्त मराठीतला नाही. अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातही काळं, मऊ आणि कागदावर रेघ ओढणारं काही दिसलं की ते शिशाच्या खात्यात जायचं. त्या खात्यातून एक नवं मूलद्रव्य बाहेर काढलं ते औषधाच्या दुकानातल्या एका माणसानं.

त्याचं नाव कार्ल विल्हेल्म शीले.

जन्म 9 डिसेंबर 1742, गाव श्ट्रालसुंड. आज ते जर्मनीत आहे, तेव्हा तिथं स्वीडनचं राज्य होतं. घरात अकरा भावंडं. चौदाव्या वर्षी पोरगं गोथेनबर्गच्या औषधालयात उमेदवारीला लागलं. काम शिकता शिकता तिथल्याच रसायनांवर त्याचे प्रयोग सुरू झाले. पुढं माल्मो, स्टॉकहोम, उप्साला अशा नोकऱ्या बदलत तो 1775 मध्ये कोपिंग नावाच्या छोट्या गावात आला. डिग्री नव्हती, तरी त्याच वर्षी स्वीडनच्या विज्ञान अकादमीनं त्याला सदस्य करून घेतलं.

1778 मध्ये त्यानं मॉलिब्डेनाइट नावाचं खनिज हातात घेतलं. दिसायला अगदी ग्राफाइटसारखं. शीलेनं दोन्हींवर नायट्रिक ॲसिड वापरून पाहिलं. ग्राफाइट ढिम्म हललं नाही. मॉलिब्डेनाइटची मात्र पांढरी पूड झाली. म्हणजे हे ग्राफाइटही नाही आणि शिसंही नाही, आत वेगळाच धातू आहे, हे त्यानं ओळखलं.

पण धातू वेगळा करायला लागणारी भट्टी त्याच्याकडे नव्हती. ते काम त्याचा मित्र पीटर याकोब येल्म यानं 1781 मध्ये कोळशाच्या मदतीनं केलं. धातूचं नाव पडलं मॉलिब्डेनम. गंमत म्हणजे हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं, त्याचा अर्थ शिसं!

आता प्रश्न पडेल, नायट्रिक ॲसिडच का?

मॉलिब्डेनम चिवट आहे. साध्या हायड्रोक्लोरिक ॲसिडला तो फारशी दाद देत नाही. त्याला विरघळवायचं तर त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेणारं, म्हणजेच ऑक्सिडीकरण करणारं काहीतरी लागतं. नायट्रिक ॲसिड ते करतं, हायड्रोजन पेरॉक्साइडही करतं. ॲसिड किती जळजळीत आहे यापेक्षा ते इलेक्ट्रॉन ओढतं का, हे इथं महत्त्वाचं.

इतकं करूनही शीलेच्या नशिबी श्रेय कमीच आलं. ऑक्सिजन त्यानं आधी मिळवला, पण पुस्तक 1777 मध्ये छापून आलं. तोवर इंग्लंडच्या प्रीस्टलीचं नाव झालं होतं. 1774 मध्ये त्यानं क्लोरीन तयार केला, पण ते मूलद्रव्य आहे हे डेव्हीनं 1810 मध्ये सांगितलं.

त्यात त्याला रसायनं चाखून बघायची सवय. आयुष्यभर विषारी पदार्थ हाताळून तब्येत खचली आणि 21 मे 1786 ला, वयाच्या फक्त 43व्या वर्षी तो गेला.

आता नवी मुंबईत येऊ. वाशीच्या सेक्टर 20 मध्ये विकिरण आणि आयसोटोप तंत्रज्ञान मंडळ, म्हणजे ब्रिट आहे. खाडीपलीकडं ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत मॉलिब्डेनमच्या ऑक्साइडची पांढरी पूड ठेवली की त्यातून मॉलिब्डेनम-99 तयार होतं. त्याचं अर्धायुष्य 66 तास. त्यापासून टेक्नेशियम-99एम मिळतं, ज्याचं अर्धायुष्य फक्त 6 तास. हाडांचा, हृदयाचा स्कॅन करताना डॉक्टर तेच वापरतात.

ही पूड विरघळवायला नायट्रिक ॲसिड लागत नाही, कॉस्टिक सोडा पुरतो. कारण ऑक्साइडमध्ये मॉलिब्डेनमचे इलेक्ट्रॉन आधीच ओढले गेलेले असतात.

शीलेच्या भांड्यात उरलेली पांढरी पूड हीच. तो गेला तेव्हा तिचा कुणाला फारसा उपयोग नव्हता. आज तिच्यामुळं पेशंटचा आजार वेळेत कळतो.